दुजेच्या सकाळची लाँच

"नऊच्या आत उरणला पोचायचंय. कशानं येऊ?"

फोनवर बाई होत्या. सकाळचे सात वाजत होते. सोलापूरच्या गाडीनं नुकत्याच मुंबईत उतरलेल्या. नाव शोभाताई. उरणच्या बसच्या चौकशीचा फोन नंबर नेटवर शोधला, तो लागला नवी मुंबईतल्या आमच्या डेपोच्या चौकशीला. मी तिथला कंट्रोलर. म्हणजे गाड्या वेळेवर सोडायच्या आणि फोन आला की वाट सांगायची. बावीस वर्षं हेच करतोय.

काम काय, हे आम्ही विचारत नाही. त्यांनीच सांगितलं. थोरली बहीण काल संध्याकाळी गेली. उरणच्या कोळीवाड्यात दिलेली. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी घालतात, मगच उचलतात. माहेरचं म्हणून शोभाताईंशिवाय कुणी उरलं नव्हतं. साडी पिशवीत होती. नऊला नेणार होते.

मी पर्याय मोजले. ट्रेननं नेरूळ, तिथं उतरून उरणची गाडी. ती चुकली की पुढचीची वाट बघत बसा. बसला सकाळचं ट्रॅफिक. टॅक्सी नव्या सागरी पुलावरून थेट जाते, पण त्या म्हणाल्या, "एकटीला भीती वाटते हो."

"मग लाँच," मी म्हटलं. "भाऊच्या धक्क्यावर जा, तिथून बोट सुटते. तासाभरात पलीकडे मोरा बंदर, तिथून उरण जवळच."

फोन ठेवताना स्वतःवर खूश होतो, खोटं कशाला बोलू. नवीन पोरांना लाँच सुचत नाही.

पावणेआठला परत फोन. "दादा, तिकिटाची खिडकी बंद आहे. ओहोटी आहे म्हणतात. साडेनऊपर्यंत लाँच नाही."

मोऱ्याला गाळ आहे. मोठ्या ओहोटीला धक्क्याला पाणीच राहत नाही, लाँच लागणार कशी? परवाच पुनव झाली होती. आज दूज. माझा बाप करावे गावचा कोळी. त्यानं लहानपणीच शिकवलेलं: तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते. दुजेला भरती दीडला, म्हणजे सकाळची ओहोटी साडेसातला. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. आणि मी घड्याळाकडे बघून लाँच सांगितली होती.

"ताई, समोर टॅक्सी असेल. ड्रायव्हरला फोन द्या."

ड्रायव्हर उत्तर प्रदेशचा होता. मी सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "बहनजी को बिठाता हूँ. आप फोन चालू रखना."

मग शोभाताईंकडून त्यांच्या मेव्हण्यांचा नंबर घेतला आणि दुसऱ्या फोनवरून लावला. ज्याची बायको गेली त्याला थांबा म्हणून सांगायचं होतं. ऑफिसची भाषा जमेना. शेवटी घरच्या बोलीत बोललो.

"दादा, शोभाताई येतायत. टॅक्सीनं. थोरा वेल थांबा."

"टॅक्सीनं? आतापरत कुठं व्हती?"

"धक्क्यावर. लाँचीसाठी."

पलीकडे रडणं ऐकू येत होतं. तो हळू बोलला. "आज दूज हाय. सकालचं पानी नाय मोऱ्याला. कोनी सांगलं तिला लाँचीनं ये म्हनून?"

"मीच."

"तू कुठचा?"

"करावेचा."

त्यानं शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "थांबतू आमी. तिचे बिगर उचलनार नाय."

पुलावर गाडी नीट निघाली, पुढे कंटेनरच्या रांगेत अडकली. ड्रायव्हर मधूनमधून सांगत होता कुठे पोचलो. दहाला पाच मिनिटं असताना फोन कट झाला. त्यानंतर काही कळेना. मी गाड्या सोडत होतो, पण लक्ष कुठलं असायला.

दुपारी शोभाताईंचा फोन आला. "पोचले दादा. सगळे दारात थांबले होते. साडी माझ्या हातानं घातली."

"ताई, लाँचचं माझं चुकलं."

"जाऊ द्या हो. समुद्राचं तुम्हा ऑफिसातल्या माणसांना काय ठाऊक असणार?"

मी हो म्हटलं.

आता चौकशीच्या टेबलावर टाइमटेबलाशेजारी कालनिर्णयाचं पान चिकटवलंय. लाँच सांगायच्या आधी तीथ बघतो. ऑफिसातला माणूस आहे, विसरतो.