रिकाम्या काट्यावरचं वजन

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी कॉम्प्युटरवाला माणूस. काही बिघडलं की त्यामागे केबल असते, नाहीतर कोड... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय.

आम्ही मरोळच्या गावठाणात राहतो. माझी मोठी बहीण लिनेट, तिचा नवरा बोटीवर नोकरीला असतो म्हणून आमच्याकडेच असते आणि घरी केक-ब्रेड करून विकते. तिच्यासाठी मी एक जुना लॅपटॉप कामाला लावला. नेहमीची सिस्टिम त्याला झेपेना, म्हणून जगात मोजकीच माणसं वापरतात अशी एक ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. लेबलचा प्रिंटर दोन दिवसांत चालला. यूएसबीचा वजनकाटा मात्र ती सिस्टिम ओळखेचना. शेवटी मीच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि स्क्रीनवर आकडे यायला लागले. झकास!

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास, काटा रिकामा असताना, स्क्रीनवर आलं — २७४० ग्रॅम. काट्याच्या स्वतःच्या डिस्प्लेवर शून्य. पाचेक मिनिटं राहिलं आणि गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी २७६५. मग २७९५. केबल बदलली, पोर्ट बदललं. ऑफिसच्या लॅपटॉपला काटा जोडला तर तिथे काहीच नाही. सिस्टिमच्या फोरमवर विचारलं, तर एकाने लिहिलं, "मेमरीतला कचरा असेल." पण कचरा रोज थोडाथोडा वाढतो का?

मी लिनेटला हसतच सांगितलं, "तुझ्या काट्यावर भूत बसतंय गं. पहिल्या दिवशी दोन किलो सातशे चाळीस होतं."

तिचा अंडी फेटणारा हात थांबला. "किती म्हणालास?"

मी पुन्हा सांगितलं. ती आत गेली आणि कपाटातून हॉस्पिटलचा एक कागद घेऊन आली. चार वर्षांपूर्वी तिची मुलगी जन्मतःच गेली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वजन तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. कागदावर लिहिलं होतं — २.७४० किलो.

"मी बंद करतो हे," मी म्हटलं.

"हात लावू नकोस, स्टीफन."

त्यानंतर ती रोज चार वाजता काट्यासमोर बसायला लागली. ऑर्डरी राहू लागल्या, फोन वाजत राहायचे. मम्मी मला म्हणाली, "काढ ते मशीन. पोरगी हातची जाईल माझी." मी उद्या काढतो, उद्या काढतो म्हणत राहिलो. खरं सांगू? मलाही तो आकडा बघायचा असायचा.

विसाव्या दिवशी आकडा स्थिर राहीना. ३२९०... ३३४०... ३२६०... तान्हं मूल हातपाय झाडत असल्यासारखा. मम्मीने दारातच क्रूसाची खूण केली. लिनेटने काट्याच्या प्लेटवर हात धरला — टेकवला नाही, नुसता वर धरला.

"अ‍ॅना," ती हळूच म्हणाली, "पुरे झालं गं बाय. झोप आता."

ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आकडा ३२८० वर थांबला. मग शून्य झाला.

परत कधीच आला नाही. लिनेट आता त्याच काट्यावर मैदा मोजते, ऑर्डरी घेते, आणि कधीमधी मुलीबद्दल बोलतेसुद्धा. मी तो प्रोग्रॅम ओळ न ओळ कितीतरी वेळा वाचलाय. एखादी चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं, पण नाही सापडली. त्याने नोंदवलेले आकडे एका फाइलमध्ये अजून तसेच आहेत... कुणी जाणकार वाचत असेल तर सांगा. ती फाइल पुसायचा मात्र मला धीर होत नाही.