लाल पाटीखालचं केळवण

अख्ख्या पुणे शहरात अभिरुची नावाच्या दहशतीला अजिबात न जुमानणारी एकच व्यक्ती आज हयात आहे आणि ती माझी सख्खी आत्या आहे. आमच्या या गावात खाणं ही परीक्षा असते. मिसळ आवडते म्हणालात की लगेच "कुठली?" असा प्रश्न येतो, आणि तुम्ही भीत भीत एखादं नाव घेतलंत की "तिथली आता पूर्वीसारखी राहिली नाही" असं म्हणून समोरचा तुम्हाला नापास करतो. अशा गावात, ऐन सदाशिव पेठेत राहून, जन्मभर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेली ही बाई उजळ माथ्याने सांगते की तिला सगळ्यात जास्त आवडतो तो कोपऱ्यावरच्या लाल पाटीच्या दुकानातला पिझ्झा, जो भोपाळला आणि बारामतीलाही अगदी तस्साच मिळतो. "तस्साच मिळतो म्हणूनच आवडतो," असं ती वर सुनावते. "मला आश्चर्यं नकोत. ती मी मुलांचे पेपर तपासताना भरपूर पाहिली आहेत."

तिला चव नाही असं कुणी समजू नये. तिच्या हातची अळूची भाजी खाऊन माणसं गप्प बसलेली मी पाहिली आहेत, आणि पुण्यात माणसं गप्प बसणं ही साधी गोष्ट नाही. पण पिझ्झाबरोबर मिळणाऱ्या मसाल्याच्या पुड्या ती पर्समध्ये भरून आणते आणि दुसऱ्या दिवशी थालीपिठावर भुरभुरवते. एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये बस थांबली की सगळ्यांच्या आधी ती उतरते आणि वाफाळता मका हातात घेऊन, एखाद्या समारंभाला आल्यासारखी, तिथे फिरत राहते. मॉलच्या फूड कोर्टात ट्रे घेऊन तासन्‌तास बसणं हा तिचा आवडता विरंगुळा आहे. तिथे दुपारी बंद नसतं, तिथे "पाणी स्वतः घ्यावे" अशी पाटी नसते, आणि एकट्या म्हाताऱ्या बाईवर चौघांचं टेबल अडवलंत म्हणून कुणी डोळे वटारत नाही. जुन्या नावाजलेल्या खानावळींची महती मी गाऊ लागलो की ती म्हणते, "पैसे देऊन वर बोलणीही खायची? ती मला घरी फुकट मिळतात."

एकदा माझ्या धाकट्या भावाने तिची रुची सुधारण्याचा विडा उचलला. कोरेगाव पार्कात एका अतिशय मंद प्रकाशाच्या हॉटेलात तो तिला आणि मला घेऊन गेला. जेवणाच्या शेवटी परातीएवढ्या ताटलीत एका बाजूला चमचाभर पुरण, मध्ये तुपाचे चार थेंब आणि दुसऱ्या बाजूला पोळीचा कडक पापुद्रा असं काहीतरी आलं. मागोमाग स्वतः शेफ आला आणि ही पुरणपोळीच असून आपण तिचे घटक सुटे करून मांडले आहेत, असं त्याने नम्रपणे समजावलं. आत्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "विग्रह उत्तम केलात. आता याचा परत समास करून आणा." भाऊ त्यानंतर तिच्या वाटेला गेला नाही. मला मात्र ती रिक्षात म्हणाली, "चांगलं काय ते मला कळतं रे. आवडतं काय तेही कळतं. तुम्हा लोकांना फक्त पहिलं कळतं आणि दुसरं तुम्ही त्यावरून ठरवता."

हॉटेलात राहण्याचीही तिला अशीच हौस. पंचतारांकित नव्हे, स्टँडजवळची, सगळ्या गावांत एकसारखी दिसणारी, स्वस्त आणि टापटीप हॉटेलं. छोटा कागदात गुंडाळलेला साबण, भिंतीवर टांगलेला टीव्ही, आणि फोन उचलून "एक चहा पाठवा" म्हणायची सोय, एवढं असलं की तिला स्वर्ग. यजमान गेल्यावर ती अशा एकटीच्या सहली फार करू लागली. एकदा गुडघे दुखत होते, प्रवास नको होता, पण साबण आणि चहा हवा होता, म्हणून ती पिशवी घेऊन सरळ स्वारगेटच्या एका हॉटेलात गेली. काउंटरवरच्या माणसाने आधारकार्ड पाहिलं आणि म्हणाला, "आजी, लोकल आयडी चालत नाही." आत्याने चष्मा सारखा केला. "म्हणजे मी इथली आहे, हा माझा दोष?" "तसं नाही, पण आपल्या गावात कुणी हॉटेलात राहतं का?" "मग घरात राहून कंटाळलेल्या माणसाने काय करावं, आधी साताऱ्याला जाऊन राहावं आणि मग यावं?" त्याने बसायला खुर्ची दिली, पण खोली दिली नाही. आत्याने मला फोन केला आणि मी तिथे पोचेपर्यंत घरी बायकोने आत्या रुसून घर सोडून गेल्याचं तीन नातेवाइकांना कळवलंही होतं.

या आत्याचा एक नेम होता. घराण्यात कुणाचं लग्न ठरलं की लग्नाआधी तिच्याकडचं केळवण व्हायचं, आणि ते त्या लाल पाटीच्या दुकानातच व्हायचं. प्लास्टिकच्या खुर्चीभोवती ती रांगोळीचं स्टिकर चिकटवायची, पिझ्झाचे खोके मांडायची आणि मग पर्समधून ताम्हन काढून नवऱ्या मुलीला स्वतः ओवाळायची. आत ज्योत लावायला परवानगी नाही असं मॅनेजरबाईंनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ती बुधवार पेठेत जाऊन सेलवर चालणारं निरांजन घेऊन आली. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "गणपतीला विजेच्या माळा चालतात ना? मग मुलीला हे का नको?"

माझ्या मुलीचं, मुक्ताचं लग्न ठरलं तेव्हा हे सगळं अंगाशी आलं. विहीणबाई बड्या घरच्या, आणि आत्याने केळवणाला त्यांनाही बोलावायचं ठरवलं. बायको हवालदिल झाली. "अहो, त्या इटलीत जाऊन पिझ्झा खाऊन आल्यात!" "मग त्यांना फरक चांगला कळेल," आत्या म्हणाली. शेवटी बायकोने गोडीत सुचवलं, की आत्या, या वेळी आपल्या घरीच करू या, मी सगळा स्वयंपाक करते. आत्याने तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "घरी केलंस तर ओवाळणार कोण? तू, तुझी बहीण, शेजारच्या बाई. सगळ्या सवाष्णी. मी आत पाणी भरत असेन. मला कुणी नको म्हणणार नाही, ते मला ठाऊक आहे. पण ताम्हन माझ्या हातात कुणी देतही नाही. त्या दुकानात कुणी काही विचारत नाही. माझं केळवण तिथे होईल, नाहीतर होणार नाही." मुक्ता म्हणाली, "तिथेच होणार."

आणि तिथेच झालं. विहीणबाई भारी साडी नेसून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. दोन घास खाऊन त्यांनी खोका बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, "खरं सांगू? मला नाही हो आवडलं हे." बायकोने माझ्याकडे पाहिलं. आत्याचा चेहरा मात्र खुलला. "खरं बोलता. आपलं जमेल." मग तिने ताम्हन काढलं. विहीणबाईंची नजर आत्याच्या मोकळ्या गळ्याकडे गेली आणि तिथे क्षणभर अडली. आत्याच्या ते लक्षात आलं. "यजमान गेले माझे," ती म्हणाली, "हात इथेच आहेत." विहीणबाईंनी आपल्या मुलाला खांद्याला धरून उठवलं, मुक्ताशेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "मग यालाही ओवाळा."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी कार्यालयात ग्रहमख होता. मुक्ता पाटावर बसली होती आणि एकेक सवाष्ण तिला ओवाळून जात होती. आत्या मागे खांबाशी उभी होती. सगळ्यांचं झालं, गुरुजींनी पुढचं सुरू केलं, तरी मुक्ता हलेना. "आत्याआजी राहिली," ती म्हणाली. मग माझ्या बायकोने ताम्हन उचललं, गर्दीतून वाट काढत खांबापर्यंत गेली आणि ते आत्याच्या हातात दिलं.

शेफला सुनावणारी, हॉटेलवाल्याशी भांडणारी माझी आत्या तिथे पार बावरून गेली. तिने आजूबाजूच्या माणसांकडे पाहिलं. ताम्हन तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मग ती माझ्याकडे वळली आणि लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "चालेल ना रे?"

मला तिचा अभिमान वाटला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. इतकी वर्षं ही बाई साऱ्या शहराशी वाद घालत आली, आणि आपल्याच माणसांत पाऊल टाकायला तिला माझी परवानगी लागावी! मी तिच्या कोपराला हात लावला आणि तिला पाटापर्यंत घेऊन गेलो.