भुसावळ स्टेशनवरचा केक

चहा हातात आहे ना? मग आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या शेजाऱ्याच्या नाकातून चहा आला होता! बायको म्हणते, "कशाला स्वतःच्या हाताने अब्रू वाटत फिरता?" अहो, धुळ्यात ती केव्हाच वाटून झालीय. मग आपल्या जळगाव जिल्ह्यानेच काय पाप केलंय?

तर मी भुसावळचा. रेल्वेत टीसी होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. उभ्या हयातीत एकच वाक्य बोललो, "ही सीट तुमची नाही, उठा!" वऱ्हाड असो, नाहीतर पुढाऱ्याचा मेव्हणा असो, मी उठवला म्हणजे उठवला. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मुलगी दिली धुळ्याला, देवपुरात. व्याही रिटायर हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. माणूस सोन्यासारखा, पण जीभ! लग्नात शेवटच्या पंगतीला आचाऱ्याने वरण-बट्टीवर तुपाचा हात आखडता घेतला, आणि शेवटच्या पंगतीला नेमके गुरुजी. झालं! तेव्हापासून बारसं असो की वास्तुशांत, चार माणसं जमली की गुरुजी घसा खाकरायचे, "भुसावळला सगळं छान झालं हो, फक्त बट्टीवर तूप..." पुढे बोलायचंच नाही. नुसती मान हलवायची. मी पडलो मुलीचा बाप, खाली बघून ऐकून घ्यायचो. पण घरी आल्यावर जेवण जात नसे मला.

म्हणून यंदा मेमध्ये ठरवलं, काही झालं तरी गुरुजींना असं जेवू घालायचं की त्या तुपाचं नाव निघता कामा नये. जळगावजवळ पाण्याच्या घसरगुंड्यांचं पार्क झालंय, त्यात एक हॉटेल आहे. आत सगळी रेल्वे! प्रत्येक टेबल म्हणजे एक स्टेशन, वर पिवळी पाटी, काळ्या अक्षरांत नाव. टेबलांच्या कडेकडेने रूळ. त्यावरून छोटी गाडी शिट्टी मारत येते आणि तिच्या डब्यांत तुमचं जेवण. म्हटलं, इथे तर आपलंच राज्य!

ठरल्याप्रमाणे गुरुजी आणि विहीणबाई धुळ्याहून आले. लेक-जावई म्हणाले, "तुम्ही बसा, आम्ही पाण्यातून येतो." सहा वर्षांची नात, चिऊ, आमच्याबरोबर. मी काउंटरवर गेलो. शेवभाजी, भरीत, भाकरी सांगितली. तिथल्या पोरीला उगाचच म्हणालो, "मी पण रेल्वेचाच बरं का. टीसी होतो."

"अरे वा काका!" ती हसून म्हणाली आणि हातात टोकन दिलं.

मी टोकन खिशात घातलं. वाचायचं कशाला? समोरच मोठ्ठं टेबल, वर पाटी 'भुसावळ'! मी भुसावळचा, टीसी म्हणून सांगितलेलं, ती पोरगी हसलेली. मला दुसरं कुठलं टेबल देणार?

टेबलावर एक छोटी पाटी होती, 'राखीव'.

"अहो, हे राखीव आहे," बायको म्हणाली.

"आपल्यासाठीच राखीव केलंय! ओळख असते माणसाची." मी पाटी उचलून खुर्चीखाली ठेवली. मी! राखीव डब्यातून माणसं उतरवणारा मी!

बसतो न बसतो तोच शिट्टी वाजली. गाडी आली, डब्यात टोमॅटोचं सूप.

"हे कुठे सांगितलं होतं आपण?" बायको कुजबुजली.

"ओळख!" मी गुरुजींना ऐकू जाईल असं म्हणालो.

मग मंचुरियन आलं. मग पनीर आलं. मग कसलेतरी चीजचे गोळे आले. विहीणबाई प्रत्येक गाडीला म्हणायच्या, "ओ माय व! हाई काय शे?" आणि मी म्हणायचो, "घ्या हो, आपलंच आहे." गुरुजींच्या भुवया हळूहळू वर चालल्या होत्या. पनीरचा तिसरा तुकडा घेताना ते चक्क म्हणाले, "टीसी साहेब, व्यवस्था उत्तम आहे."

अहो, काय सांगू! लग्नानंतर पहिल्यांदा त्या तोंडातून 'उत्तम' निघालं. माझे डोळे भरून आले. इथे मी थांबायला हवं होतं, हात धुऊन उठायला हवं होतं. पण थांबतोय कसला!

तेवढ्यात लाइट मंद झाले. जोरात गाणं लागलं. गाडी अगदी सावकाश आली आणि मागच्या डब्यात केक! वर गुलाबाचं फूल, आणि मेणबत्त्यांचे दोन आकडे. सात आणि शून्य. वाढणारी पोरं टाळ्या वाजवत आली, "हॅप्पी बर्थडे, काका!" सगळं हॉटेल आमच्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागलं.

गुरुजींनी चष्मा सारखा केला. "वाढदिवस? कुणाचा?"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? 'माझा नाही' म्हणावं, तर मंचुरियन कुणाचं? पनीर कुणाचं? मिळवलेलं 'उत्तम' हातातून जाणार! माझ्या तोंडातून निघून गेलं, "माझा!"

बायकोने टेबलाखालून असा चिमटा काढला की अजून खूण आहे.

"पण तुमचा तर एक जूनला असतो," गुरुजी म्हणाले. "मी दरवर्षी फोन करतो."

"तो दाखल्यावरचा हो. तुम्हाला काय सांगायचं, आपल्याकडे शाळेत घालताना मास्तर सगळ्यांनाच एक जून लावतात."

"खरं आहे, मी स्वतः शेकड्यांना लावलाय." गुरुजींनी मान डोलवली. मला वाटलं, सुटलो. पण हेडमास्तर तो! नजर त्या आकड्यांवर. "पण सत्तर? तुम्ही तर दोन वर्षांपूर्वी साठाव्या वर्षी रिटायर झालात."

"वय पण चुकलं होतं मास्तरांचं. आठ वर्षं कमी लावलं."

"आठ?" गुरुजी बोटांवर हिशेब करायला लागले. "म्हणजे पहिलीत नाव घातलं तेव्हा तुम्ही चौदा वर्षांचे होतात?"

"हो, पण उंचीने लहान होतो."

"मिसरूड?"

"उशिरा फुटली."

चिऊ म्हणाली, "नाना, तुमचा बड्डे तर पोळ्याला असतो ना? आजी पुरणपोळी करते." मी केकवरचं गुलाबाचं फूल उचलून तिच्या तोंडात कोंबलं.

मेणबत्त्या विझवल्या, केक कापला, सगळ्यांना भरवला. इथवर ठीक होतं. पण गुरुजी उठून उभे राहिले. मला वाटलं, मिठी मारतात की काय. ते म्हणाले, "टीसी साहेब, मी अडुसष्ट वर्षांचा. इतकी वर्षं तुम्हाला धाकटं समजून वागलो. काही चुकलं-माकलं असेल तर माफी असावी."

आणि वाकले! मुलाचा बाप मुलीच्या बापाच्या पाया पडला! अहो, आपल्याकडे असं कधी होतं का? मी तोंडाने "नको नको गुरुजी, हे काय!" म्हणत होतो. पण खरं सांगतो, पाय मागे घेतले नाहीत. एवढ्या वर्षांचं तूप होतं ते, पावलं जागची हलेनात. मी तर डोक्यावर हात ठेवून आशीर्वादसुद्धा देऊन टाकला, "सुखी राहा."

आणि गुरुजी सरळ होतात तोच दारातून दहा-बारा माणसं आत आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. मधोमध एक आजोबा, घसरगुंडीवरून नुकतेच उतरलेले, खुशीत. माणसं आमच्या टेबलाशी आली आणि थांबली. पाटीकडे बघतात, आमच्याकडे बघतात, केककडे बघतात.

"भाऊ, हे टेबल आमचं आहे," त्यांच्यातला एक जण म्हणाला. "आम्ही जामनेरचे. सकाळीच सांगून ठेवलं होतं. आमच्या आबांची सत्तरी आहे."

जन्माची सवय जाते का? मी टीसीच्या आवाजात म्हणालो, "काहीतरी घोटाळा होतोय तुमचा. ही जागा आमची आहे."

"मग टोकन दाखवा."

अहो, हे वाक्य माझं होतं! उभा जन्म मी लोकांना 'तिकीट दाखवा' म्हणत आलो. मला कधी कुणी म्हटलं नव्हतं. मी खिशातून टोकन काढलं आणि पहिल्यांदा वाचलं.

'धुळे'.

काउंटरवरची पोरगी धावत आली. "काका, तुम्ही इथे? तुमची शेवभाजी तिकडे धुळे टेबलावर कधीची थंड होतेय!"

विहीणबाईंच्या तोंडून निघालं, "ओ माय व! आपण लोकांचं बठ्ठं खाई टाकं?"

जामनेरचे आबा मात्र मोठ्या मनाचे. ते मला म्हणाले, "जाऊ द्या भो, केक उरला का थोडा?"

"फूल मी खाल्लं," चिऊ म्हणाली.

गुरुजींनी माझ्या हातातलं टोकन घेतलं. नीट वाचलं. उलटून मागूनही वाचलं. मग शांतपणे म्हणाले, "धुळ्याला काय वाईट होतं, टीसी साहेब?"

मी खुर्चीखालची 'राखीव' पाटी काढून पुन्हा टेबलावर ठेवली.

"म्हणजे तुम्ही विदाउट तिकीट. खरं वय?"

"बासष्ट."

"मग माझा नमस्कार?"

"परत करतो," मी म्हणालो. करतो काय! जामनेरची दहा-बारा माणसं, वाढणारी पोरं, आजूबाजूची सगळी स्टेशनं बघत होती. मी वाकलो, गुरुजींचे दोन्ही पाय धरले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वर्गात ऐकू जावं अशा आवाजात आशीर्वाद दिला, "दीर्घायुषी व्हा. पण एकेक वर्षाने!"

पुन्हा टाळ्या! केकपेक्षा जास्त.

आबांनीच मग दोन्ही टेबलं जोडायला लावली. शेवभाजी गरम करून आली, आम्ही खाल्लेलं मी पुन्हा मागवून दिलं. तोवर लेक-जावईही पाण्यातून आले, सगळे पोटभर जेवले.

परवा नात्यातला एक साखरपुडा होता. जेवायला वरण-बट्टीच! चार माणसं जमली, गुरुजींनी घसा खाकरला आणि सुरू केलं, "जळगावला एकदा टीसी साहेबांची सत्तरी होती..." सूप सांगितलं, मिसरूड सांगितली, नमस्कार तर उभं राहून करून दाखवला. मांडव हसून लोळला. मला राहवेना. आचाऱ्याच्या हातातलं तुपाचं भांडं दाखवत मी काकुळतीला येऊन म्हणालो, "गुरुजी, ते जाऊ द्या ना. ते आमच्या पोरीच्या लग्नातलं सांगा, ते तुपाचं..."

गुरुजींनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "कुठलं तूप हो?"