वर टाकलेला तुकडा

माद्रिदच्या जुन्या चौकात आमच्या टूरमधले सगळे पुतळ्यापाशी फोटो काढत होते. मनोरीच्या एक मासळीवाल्या मावशी मात्र तळणीच्या वासामागे तडक शेजारच्या हॉटेलात शिरल्या. मीही मागोमाग गेले.

पावात भरलेले तळलेले माकूल, म्हणजे स्क्विडचे तुकडे, समोर आले. मावशींनी एक तुकडा बोटाने दाबून बघितला, मान डोलावली आणि बोट वर करून वेटरला चक्क मराठीत म्हणाल्या, "वर एक टाक ना रे!"

तो हसला आणि त्याने टाकला. मावशी खूश!

"जन्मभर गिऱ्हाइकांनी माझ्याकडे मागितलं. मागणाऱ्याला काय मजा येते, ती बघायची होती."

मग तो तुकडा त्यांनी माझ्या ताटलीत ठेवला. "घे गो. तुझ्या बोरिवलीच्या बाजारात तूपण असंच मागत असशील."

मागतेच मी. तुकडा तोंडात टाकला.