पाल्यातला नवा डोंगर

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. वारा बंद. कपाशीचं पान हलेना आणि सदरा पाठीला चिकटलेला. मी पिशवी घेऊन शेताच्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे निघालो होतो, कारण वंदना मॅडमची पीएचडी माझ्या धुऱ्यावरच्या भुईनिंबावर अडली होती.

हळू चालणाऱ्या माणसाला आठवायला वेळ मिळतो. मलेरियावर झाडपाला तपासणाऱ्या त्या लॅबला मी इतकी वर्षं पाला पुरवला, की किस्से भुईमुगाच्या टरफलांसारखे साचले. झाडून काढावे तर खाली आणखी निघतात.

०

पहिल्या दिवशी मोठे सर माझा फॉर्म भरायला बसले. शिक्षण काय? म्हटलं, शाळेत गेलो नाही. अनुभव? म्हटलं, ताप आला की माय भुईनिंबाचा काढा पाजायची, तो लपून थुंकायचा अनुभव आहे. सरांनी लिहिलं, 'पारंपरिक ज्ञान'. तेव्हापासून मला खुर्ची मिळायला लागली.

०

आमच्याकडे औषधी तोडायच्या आदल्या संध्याकाळी झाडापाशी चार दाणे तांदूळ ठेवतात आणि सांगतात, उद्या येतो. सर हसले होते. म्हणाले, "बाबाजी, हे सायन्समध्ये बसत नाही."

पुढे दिल्लीचे पाहुणे आले, तर सरांनीच तांदूळ मागवले. फोटोसाठी. भर दुपारी व्हरांड्यातल्या कुंडीपुढे मला बसवलं. कुंडीत मनीप्लांट होता. त्यालाही सांगितलं, उद्या येतो. बिचारा अजून वाट पाहत असेल.

०

मशीनचा थाट वेगळा. ते एसीत राहायचं. आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो आणि गारठून बाहेर यायचो. मॅडमनी मला समजावलं होतं, की पानात जे जे असतं ते मशीन वेगळं करतं आणि कागदावर डोंगर काढतं. एका पदार्थाचा एक डोंगर. कोणत्या डोंगराने मलेरियाचे जंतू मरतात, ते मग शोधायचं.

दसऱ्याला शिपायाने मशीनला झेंडूचा हार घातला. सरांनी हात जोडले आणि सांगितलं, "फोटो काढू नका."

०

एका पावसाळ्यात सरांनाच मलेरिया झाला. डास लॅबच्याच कूलरमधले. मी काढा करून नेला. सरांनी वास घेतला, पेला खाली ठेवला आणि बायकोला म्हणाले, "बाबाजींना चहा दे. आणि मेडिकलमधून गोळ्या आण."

०

आता मॅडमचं. आदल्या वर्षी मी धुऱ्यावरून भुईनिंब नेला होता. पलीकडच्या कपाशीत माझा शेतशेजारी वासुदेव पाठीवर पंप घेऊन फिरत होता. पाला धुऊन देऊ का, असं मी लॅबमध्ये विचारलं. सर म्हणाले, धुऊ नका, गुण वाहून जाईल.

त्या पाल्यात असा डोंगर निघाला, जो झाडांच्या कोणत्याच यादीत नव्हता. बशीतले जंतू तर सगळे आडवे. सरांनी पेढे वाटले. मुंबईच्या सभेत जाऊन भाषण केलं. मॅडमची पीएचडी त्याच डोंगरावर उभी राहिली.

यंदा पुन्हा पाला नेला, तर डोंगर गायब आणि जंतू ठणठणीत. सर म्हणाले, बाबाजींनी दुसरंच झाड आणलं. मॅडम माझ्या बाजूने बोलल्या, पण डोळे भरलेले होते. महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता. नाहीतर तीन वर्षं पाण्यात. जाताना हळूच म्हणाल्या, "बाबाजी, मागच्या वेळी जसं तोडलं होतं ना, अगदी तसंच आणा. काही बदलू नका."

म्हणून तोच धुरा, तीच सकाळची वेळ, तीच पिशवी. आदल्या संध्याकाळी तांदूळही ठेवून आलो होतो. वाकलो, तेवढ्यात वासुदेव आला. मी त्याला सगळं सांगितलं. पोरीचं रडणंही सांगितलं. त्याने तंबाखू मळत शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाशीकडे पाहिलं आणि म्हणाला,

"महादेवभाऊ, मंग आज काऊन तोडून राह्यला? तवा माही फवारणी सुरू होती. परवा पंप काढतो, तवा येजो."