खबर नेणाऱ्याचं पाणी

माझी मोठी मुलगी फौजेत आहे, पण तिचं काम बंदुकीचं नाही. ती जनसंपर्क अधिकारी. फौजेत काय झालं ते पेपरवाल्यांना, टीव्हीवाल्यांना सांगायचं. आमच्या एटापल्लीकडच्या गावात हे कुणाला पटतच नसे. शेजारीण चिडवायची, "काऊन बाई, वर्दी घालून तुही पोरगी पेपरच लिहिते म्हणे?" मीही हसायची. मी स्वतः वाचायला शिकले ती ह्याच पोरीच्या मागे बसून, पेपरातली अक्षरं जुळवत. म्हणून मला तिच्या नोकरीचं जरा जास्तच कौतुक.

आधी ती भरतीच्या, खेळांच्या बातम्या द्यायची. मग सीमेकडे बदली झाली आणि तिचं बोलणंच आटलं. एका सुट्टीत म्हणाली, "माय, जवान गेला तर घरी कळल्याशिवाय त्याचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाई, असा नेम आहे आमचा." म्हटलं, नेम तर आमच्याकडेही आहे. मरणाची खबर घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी पीत नाही.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत एका सकाळी तिचा फोन आला.

"माय, पलीकडच्या टोल्यावरचा तो फौजेतला पोरगा..." मग साहेबासारखा आवाज करून सांगू लागली. टोल्यावर, त्या लहानशा वस्तीवर, रेंज नाही, त्याच्या आईला फोन लागत नाही. खबर द्यायला पोलीस ठाण्यातून निघालेला माणूस सूरजागडच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांमागे अडकलाय. आणि चॅनलवाल्यांना नाव कुठूनसं मिळालंय.

"मी त्यायले थांबवून धरलं, पण किती वेळ? टोल्यावरचे पोरं टेकडीवर जाऊन मोबाइल पाह्यतात. तिले त्यायच्या मोबाइलवर नको दिसू दे, माय. माणसानं सांगतलं पाह्यजे."

मी होते तशीच निघाले. त्याची आई अंगणात मोहफुलं पसरवून राहिली होती. मला पाहून खुलली.

"ये बाई, बस! पोराले सुट्टी भेटली माह्या. आता येतेच तो."

आत जाऊन तिनं पाण्याचा गिलास आणला. मी हातात घेतला. पण ओठाला लावता येईना. खाली ठेवला.

"पी ना, उन्हातून आली तू."

तिनं गिलासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काऊन नाई पीत, बाई?"

आणि ती मोहफुलांतच खाली बसली. तेव्हा कुठे मी बोलले, "गेला तो, बाई." पण ते तिला आधीच कळलं होतं.

शेजारच्या बाया जमल्यावर मी टेकडी चढले. रेंज आली तसं पोरीला सांगितलं, "कळलं तिले." ती नुसतं "हो" म्हणाली. थोड्याच वेळात तिथे बसलेल्या पोरांच्या मोबाइलवर त्याचा वर्दीतला फोटो आला. खालचा मजकूर माझ्या पोरीचा होता. चांगला लिहिला होता. मला तो पुरता वाचवेना.

पुढे तिला बढती मिळाली. लोक पेढे मागायला आले, मी दिले.

आमच्या भागातली बरीच पोरं फौजेत, पोलिसात आहेत. त्यांच्या घरी मी हळदीकुंकवाएवढं साधं काम घेऊन गेले तरी आधी पाणी येतं. घरातली बाई माझ्या हाताकडे पाहत राहते. मी उंबऱ्यातच गिलास रिकामा करते, तहान असो नसो. मग कुठे ती म्हणते, "बस ना, बाई."