बातम्यांआधीची खरखर

पाच वाजायला अठरा मिनिटं होती आणि ताईच्या गाडीतल्या नव्याकोऱ्या स्टिरिओतून नुसती खरखर येत होती.

स्टिरिओ परवाच तारमामाने बसवला होता. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याची हयात गेली, म्हणून बाजारात त्याला सगळे तारमामाच म्हणत. थोरल्या बहिणीच्या गाडीवर तर त्याने जीव ओतला होता. जुना स्टिरिओ दिसायला फाटका, पण सगळी केंद्रं पकडायचा. हा राजबिंडा, आणि तोंडातून शब्द फुटेना.

आज पाच वाजता भाची पहिल्यांदाच रेडिओवर बातम्या वाचणार होती. लहानपणी ती बोलताना अडखळायची, वर्गात पोरं तिची नक्कल करायची. ताईने मग रोज शाळेत सोडताना गाडीतच तिच्याकडून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचून घेतल्या. एकदोन नव्हे, नऊ वर्षं. शेजारणीच्या रेडिओवर ऐक, असं तारमामाने सुचवून पाहिलं.

"मी याच सीटवर बसून ऐकणार, धाकट्या," ताई म्हणाली. "तू तुझं काम कर. मागे हॉर्न दुरुस्त केलास तेव्हा वायपर फिरायला लागले होते, तसं काही करू नकोस म्हणजे झालं."

त्याने अँटेनाचा प्लग काढून पुन्हा दाबून बसवला. खरखर. मोबाइलचा चार्जर उपसला. खरखर. टपावरची बुटकी अँटेना पिळून काढली, आटे पुसले, परत लावली. खरखर. ताई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होती.

अँटेनाच गेलीय, उद्या मागवतो, असं म्हणून सुटता आलं असतं. त्याऐवजी त्याने अँटेनाचा प्लग काढला आणि त्या जागी हातभर तार खुपसली. खरखरीच्या आडून गाण्याची एक ओळ आली. म्हणजे स्टिरिओ धडधाकट होता. मग मधे कुठे पाणी मुरत होतं?

तेवढ्यात त्याला आठवलं. बुटक्या अँटेनाच्या बुडाशी क्षीण लहरींना जोर देणारा बूस्टर असतो आणि त्याला वीज लागते. त्याने स्वतःच बांधलेली तारांची जुडी बाहेर ओढली. ही जुडी बघायला दुसरे मिस्त्री यायचे. बिनकामाच्या तारेचं टोक उघडं ठेवायचं नाही, टेपचे तीन वेढे द्यायचे, हा त्याचा शिरस्ता. लांब काडीच्या अँटेनांच्या जमान्यात अँटेनाला वीज देणाऱ्या स्टिरिओच्या निळ्या तारेला काम नसायचं, म्हणून परवाही हाताने आपोआप ती बांधून टाकली होती. शेजारीच बूस्टरकडे जाणारी तार, तिचंही तोंड तसंच नेटकं बंद.

"ताई, चूक माझी आहे. मीच बांधून ठेवलंय."

"ते नंतर. चार मिनिटं राहिलीत."

घामेजल्या बोटांना टेप निघेना, तेव्हा त्याने दातांनी फाडला. अँटेनाचा प्लग परत बसवला, दोन्ही तारा पिळून जोडल्या. खरखर तटकन थांबली आणि गाडीभर भाचीचा आवाज उभा राहिला.

पहिली बातमी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या बातमीत "उद्या शहराचा" एवढं म्हणून आवाज तुटला.

तारमामाचा हात जोडाकडे झेपावला आणि वाटेतच थबकला. तार सुटली असती तर खरखर परतली असती. ही शांतता स्वच्छ होती. केंद्र चालू होतं, माइक चालू होता, पोरगी अडली होती.

"तार सुटली का रे?" ताईने विचारलं. हो म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"नाही ताई. तार पक्की आहे."

ताईच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांवर पुढच्या शब्दाचा आकार उमटला. स्पीकरमधून श्वास घेतल्याचा आवाज आला, अगदी कानाशी घेतल्यासारखा.

"पाणीपुरवठा बंद राहील," भाची म्हणाली आणि पुढच्या बातमीकडे वळली.

जोडावर टेप लावायचं भान कुणाला होतं? बातम्या संपेपर्यंत तारमामा तो दोन बोटांत घट्ट धरून, गाडीत वाकूनच उभा राहिला.